कमरुद्दीन कसा होता

आखातातल्या रास अल खैमात भिवा राहायचा ते जुनं घर पाडून तिथे टॉवर उभा राहणार, हे कळल्यावर त्याला पहिली काळजी पडली ती कमरुद्दीनची. दोघांचीही गावं दापोलीकडची, एकाच खाडीच्या अल्याडपल्याड. सिमेंटच्या कारखान्यात एकाच पाळीला, आणि एकोणीस वर्षं एकाच खोलीत. भिवा भाकऱ्या थापायचा, कमरुद्दीन मासळीचं कालवण करायचा.

कमरुद्दीनची नजर अधू झाली होती. घर रिकामं करायचं निमित्त झालं आणि कंपनीने त्याचा व्हिसाच रद्द केला. भिवाला शहराबाहेरच्या कामगारांच्या कॅम्पात खाट मिळाली. विमानतळावर कमरुद्दीन एवढंच म्हणाला, "खलास, भिवा. आता घरच्यांशी नव्याने ओळख करून घ्यायची."

गावाहून त्याचे फोन यायचे. सगळे मान देतात, म्हणायचा, पाहुण्याला देतात तसा. चहात साखर जास्त पडते, पण सांगायला जीभ रेटत नाही. मग फोन कमी होत गेले.

एका शुक्रवारी भिवा कपडे धूत असताना यम्नाचा, कमरुद्दीनच्या धाकट्या मुलीचा फोन आला. बाबा काल गेले, माती झाली, असं तिने सांगितलं. भिवा बादलीशेजारीच खाली बसला. तिने फोन ठेवला नव्हता.

"काका, लोक येतात, बाबांच्या आठवणी काढतात. मला काहीच बोलता येत नाही. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचे ते. बाबा कसे होते हो?"

भिवाने सांगितलं. मासे साफ करताना गुणगुणायचा आणि कुणी ऐकतंय असं दिसलं की गप्प व्हायचा. लिफ्टला घाबरायचा, आठ मजले असले तरी जिन्याने चढायचा. भिवा तापाने फणफणला होता तेव्हा पेज भरवायचा. गणपतीत मोदकांसाठी नारळ तोच खवायचा. लिफ्टचं ऐकून यम्ना हसली, आणि हसताहसताच रडायला लागली.

नंतर भिवाने आपल्या मुलीला, रुपालीला फोन लावला.

"आज कसा काय फोन, बाबा? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

मग त्याने विचारलं, जेवलीस का. ती हो म्हणाली, आणि तरी दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.