रेंज व्हती काय?

मी रेंज बोलतेय. थांबा, मोबाइल उंच धरू नका. मी नुसता एक शब्द आहे.

जन्म माझा साहेबाच्या देशातला. तिथे डोंगरांच्या रांगेला मी, बंदुकीच्या पल्ल्याला मी, दुकानातल्या तऱ्हेतऱ्हेच्या मालालाही मीच. मी बाई की बुवा, हे तिथे कुणी विचारलं नाही. मराठीत आले आणि 'रेंज आली', 'रेंज गेली' करत लोकांनी मला बाई करून टाकलं. नागावला राहायला खोली बघणाऱ्याला मालक विचारतो, "तुमची रेंज काय?" म्हणजे खिसा किती खोल. फोन घ्यायचा नसला की "रेंज नव्हती" म्हणून माझ्यावर ढकलून मोकळे. असल्या किती थापा मी पचवल्यात!

माणसं मला कुठे कुठे वापरतात ते बघायची मला भारी हौस. पण म्हसळ्याच्या पलीकडच्या एका वाडीत मी थक्कच झाले.

तिथे मोबाइल लागायचा फक्त वरच्या कातळावर. एकाचा लागला की त्याचं बोलणं ऐकायचं नाही म्हणून बाकीचे पाठ फिरवून उभे राहत, अशी तिथली रीत. सगुणा रोज शेळ्या घेऊन वर जायची आणि लेकीशी बोलून यायची. लेक अमिषा. तिने मांडव्याच्या बोटीवर कामाला असलेल्या प्रीतमशी आपल्या मनाने लग्न केलं आणि बाप दयाराम हट्टाला पेटला. "तिचं नाव या घरात घ्यायचं न्हाय!"

पण सगुणा खाली आली की दोरी वळता वळता, मान वर न करता तो विचारायचा, "रेंज व्हती काय वर?"

"व्हती. बरी हाय. सातवा लागलाय."

"मी रेंजचं इचारलं."

"मी पन त्येच सांगितलं."

आता बोला! मला सातवा महिना! पण खरं सांगते, त्या घरात मला जेवढा मान मिळाला तेवढा कुठेच मिळाला नाही.

मग वाडीत टॉवर आला. चुलीपाशीसुद्धा फोन लागू लागला. सगळे खूश, दयाराम तेवढा कासावीस. दारासमोर टॉवर उभा असताना 'रेंज व्हती काय' असं कुठल्या तोंडाने विचारणार? सगुणाही आपणहून काही सांगेना. लेकीचे दिवस भरत आले असतील, हे त्याला कळत होतं.

एका दुपारी सगुणा विहिरीवर गेली असताना घरात फोन वाजला. पडद्यावर लेकीचा फोटो. दयारामने बराच वेळ बघितलं आणि उचलला.

"आये, ऐकू येतंय ना?"

मी त्याच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसले, नेहमीची सोय म्हणून. त्याने मला गिळून टाकलं.

"अमिषा," तो म्हणाला, "जेवलीस काय गं?"

पलीकडून काहीच आवाज येईना. एरवी अशा वेळी माणसं मला शिव्या घालतात. दयारामने घातल्या नाहीत. पोर रडतेय, हे त्याला कळलं होतं. फोन कानाशी घट्ट धरून तो थांबला.

तेव्हा बाबांनो, मला खुशाल वापरा, माझी ना नाही. पण मनातल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल, तर मला मध्ये घालू नका.