केमाची गाणी

“ते गाणं तीनशे वर्षांचं नाही गं, बैंदू,” केमा म्हातारी कोलाच्या कडू बीचा तुकडा गालात सरकवत म्हणाली. “मीच रचलंय.”

प्राध्यापक बैंदू लान्साना यांचं लिहिणं थांबलं. मोआ नदीकाठच्या या गावात मी त्यांना वीस वर्षं गाडीतून आणत होतो. इथल्या शोकगीतांवरच्या ग्रंथाने त्यांचं नाव राजधानी फ्रीटाउनच्या पार पलीकडे गेलं होतं. ‘नदीपार गेलेली मुलगी’ हे गीत त्या ग्रंथाचा कणा. त्यावरच त्यांनी कादंबरीही लिहिली होती.

“चेष्टा करता का, आई?”

“जुनी गाणी आठ दिवसांत संपली. तू मात्र रोज वही उघडून बसायचीस. रिकाम्या हाताने कसं पाठवणार? मग भात कांडता कांडता रचायची.”

“आणि ती नदीपारची मुलगी?”

“माझी जेनेबा. तू आलीस त्याच्या आदल्या वर्षी तापाने गेली.” म्हातारीने कोला दुसऱ्या गालात सरकवला. “गाणं कुठल्या राजाच्या काळातलं, कुणाच्या आज्याचं, सगळं विचारलंस. मला मुलं किती, ते नाही विचारलंस.”

समोरचा भात आणि कसावाच्या पाल्याची भाजी तशीच गार झाली.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “वय झालंय त्यांचं. भ्रम असेल. आणि तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार?”

“गाडी थांबव, वांडी.”

त्या उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, “ती माझ्यासमोर लेकीसाठी रडत होती. आणि मी शतक कोणतं, ते टिपून घेत होते.”

तीन आठवड्यांनी विद्यापीठात त्यांचा सत्कार होता. भाषणात त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्दही न लपवता. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. त्यांना विनोद वाटला.

त्यांचेच एक जुने सहकारी उठले. “म्हणजे तुमचं सगळं संशोधन खोटं. आणि त्या बाईला आता आम्ही काय म्हणायचं? लबाड?”

“कवयित्री म्हणा,” प्राध्यापक बाई म्हणाल्या. “ग्रंथावर आता तिचं नाव येईल.”

टाळी वाजली नाही. मी पुढे होऊन पायऱ्यांपाशी उभा राहिलो. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरताना वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझा दंड धरला.