समुद्रावर दोघंच

हीरालालनं फळी पाण्यावर सोडली, तिच्यावर पोटावर अलगद आडवा झाला, आणि दुसऱ्याच क्षणी फळी एकीकडे गेली आणि तो दुसरीकडे. मळ्यातल्या विहिरीच्या गोल भिंतीवर पाणी थडकलं. कपारीतले पारवे फडफडत वर उडाले.

पायरीवर त्याचं कोरडं धोतर मांडीवर घेऊन बसलेली सायरबाई पदराआड हसली.

"हसून राह्यली का?" नाकातलं पाणी शिंकरत त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "जरा मागं सरकून निजा. फळीचं नाक पाण्यात जाऊन राह्यलं."

तो मागं सरकून निजला. फळी डुगडुगली, पण बुडाली नाही. दोन्ही हात पसरून, हनुवटी लाकडाला टेकवून तो तसाच पडून राहिला, आणि डोळे वर करून त्यानं बायकोकडे पाहिलं. पंचेचाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, वडीगोद्रीच्या बाजारात तराजू धरून बसणारा माणूस. बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

हे खूळ दीनानाथ मास्तरांनी त्याच्या डोक्यात घातलं होतं. मास्तर मूळचे कोकणातले. गावच्या शाळेत नोकरीला लागून त्यांना काही वर्षं झाली होती. संध्याकाळी ते हीरालालच्या दुकानात येऊन बसत, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी समुद्राशी येऊन थांबे. एकदा ते म्हणाले, त्यांच्या गावची पोरं होडीतली एखादी फळी काढून छातीभर पाण्यात जातात, मोठी लाट येऊन फुटणार तेवढ्यात फळीवर आडवी होतात, आणि लाट त्यांना थेट वाळूवर आणून टाकते.

"आपण काहीच करायचं नसतं, शेठजी," मास्तर म्हणाले. "फक्त वेळ ओळखायची. मग समुद्रच उचलून आणतो."

हीरालालच्या हातातली पुडी बांधायची राहिली. वडील गेले तेव्हा तो लहान होता. थोरल्या भावानं, गौतमचंदनं, त्याला वाढवलं, दुकानात बसवलं, लग्न लावून दिलं. तेव्हापासून तो पोती उचलत आला होता, मापं टाकत आला होता. आपल्याला कुणी उचलून आणतं, ही गोष्ट त्याला फार नवलाची वाटली.

दुकानामागच्या घरात आल्यावर त्यानं ती सायरबाईला सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "ऐकलं मी. दाराआड उभी व्हते." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "लई लांब हाय का?"

तिथून बेत सुरू झाला. मास्तरांचं गाव दापोलीच्याही पलीकडे, अगदी लहान. ना धर्मशाळा, ना बाजार. नारळाच्या बागा, आणि बागांच्या पुढे मोकळी वाळू. तिथं मास्तरांची आई एकटीच राहत होती. "पडवीत खुशाल राहा. आईला सोबतच होईल," मास्तरांनी सांगितलं. त्यांनी मुगाच्या डाळीनं गल्ल्यावर किनारा आखून दाखवला, आणि नगर, पुणे, घाट असे एकेक हरभरे मांडत गेले. हीरालाल बराच वेळ त्या डाळीकडे बघत राहिला.

"हैदराबादेतून सुटून आता आपुन बी मुंबई राज्यातच आलो," तो म्हणाला. "म्हंजे समुद्र बी आपलाच झाला की!"

घरात मारवाडी आणि इथली बोली यांची सरमिसळ चाले, पण नवरा-बायकोत फारसं बोलणंच नसे. मोठं कुटुंब. दिवसभर माणसांचा राबता. दोघांची एकुलती मुलगी लग्न होऊन बीडला गेली, तेव्हापासून तर बोलायला कारणही उरलं नव्हतं. आता कारण मिळालं. राहायचा खर्च नाही, खायचं आपणच न्यायचं, मोटारीनंच जायचं, असं ठरत गेलं. सायरबाईनं वाटेसाठी खाकरे करून डब्यात भरले, सातूचं पीठ दळून ठेवलं. भाजी तोडायला म्हणून ती दुपारी मळ्यात येऊ लागली, आणि वसुलीला म्हणून तोही. दुकानाच्या दर्शनी फळ्यांतली एक जुनी फळी त्यानं गुपचूप आणून विहिरीच्या कपारीत लपवली होती, आणि फटीवर आतून पोतं टांगलं होतं.

एके दुपारी तो पाण्यातून बाहेर आला तेव्हा सायरबाई म्हणाली, "मी बसू का?"

"बस की. बसलेलीच हायेस."

"फळीवर म्हणून राह्यले."

हीरालालनं इकडे तिकडे पाहिलं. रानात कुणी नव्हतं. तो पुन्हा पाण्यात उतरला आणि बुडालेल्या पायरीवर उभं राहून त्यानं फळी दोन्ही हातांनी धरली. सायरबाईनं पदर खोचला, एकेक पायरी उतरत कमरेपर्यंत पाण्यात आली, आणि डोळे गच्च मिटून आडवी झाली. फळीच्या कडेला धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. हळूहळू ती सैल झाली. डोक्यावरचा पदर सुटून पाण्यावर पसरला.

भर उन्हात तिचं उघडं डोकं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"केस पिकले तुझे," तो म्हणाला.

"कवाचेच."

तिच्या कपाळावर आलेली बट त्यानं ओल्या बोटानं मागं केली.

"सोडा," ती म्हणाली.

"काय?"

"फळी सोडा. मी जाते."

त्यानं हात सोडले. फळी थोडी हलली, स्थिर झाली. सायरबाईनं दोन्ही हातांनी पाणी मागं लोटलं, पुन्हा लोटलं, आणि समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन शेवाळलेल्या दगडाला हात लावला. मग ती हसली. विहिरीत ते हसू घुमलं, आणि आपलाच आवाज ऐकून ती दचकून गप्प झाली. नंतर पुन्हा हसली.

बेत उघडा पडला तो एका बकरीमुळे. फळी नसलेल्या फटीतून ती दुकानात शिरली आणि गुळाची ढेप चाटून गेली. सकाळी गौतमचंदनं फळ्या तपासल्या, आणि भावाला समोर बोलावलं. हीरालालला खोटं बोलता येत नसे. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. मास्तर, लाट, विहीर. सायरबाई फळीवर निजली होती, तेवढं मात्र त्यानं गाळलं.

गौतमचंद रागावला नाही. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे येड्या, समुद्र बघायचाय ना? मंग चोरून कशाला? मी मेलो का?"

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं ठरवून टाकलं. घरातल्या सगळ्यांनी गुजरातेत, पालीताण्याच्या जैन यात्रेला जायचं. जाफराबादचे चुलतभाऊही येतील. येताना मुंबई करू, चौपाटीवर समुद्र दाखवू. खर्चाची काळजी कुणी करायची नाही. मग त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोघंच कुठं जाता परमुलखात? लोक म्हणतील, गौतमचंदनं भावाला टाकलं."

त्या हाताला नाही म्हणणं हीरालालला कधीच जमलं नव्हतं.

"बराबर हाय, भाईजी," तो म्हणाला.

त्यानं फळी मळ्यातून आणली आणि दुकानाच्या खाचेत बसवून टाकली. मास्तर आले, आईला कळवू का म्हणाले, तेव्हा तो "ऱ्हाऊ द्या सध्या" एवढंच बोलून पोत्यांच्या मागं गेला.

त्या दुपारी सायरबाई मळ्यात गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी तिनं खाकऱ्यांचा डबा उघडला आणि एकेक काढून ताटांत वाढायला घेतला.

दोघे भाऊ शेजारी बसले होते. गौतमचंदची बायको बसंतीबाई पोळ्या लाटत होती. गौतमचंद यात्रेबद्दल बोलत होता. कुठली गाडी, कुठं उतरायचं, कुणाकुणाला बरोबर घ्यायचं. हीरालाल मान हलवत होता. खाकऱ्याचा तुकडा त्यानं हातात धरला होता, पण तोंडात घातला नव्हता. सायरबाईनं ते घुंघटातून पाहिलं.

जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, ही घराची रीत होती. लग्न होऊन आल्यापासून तिला गौतमचंदला जे सांगायचं असेल ते बसंतीबाईच्या तोंडून जाई. तिचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

सायरबाईनं डबा खाली ठेवला. घुंघट आणखी पुढे ओढला.

"जेठजी," ती म्हणाली. "यात्रेला मी पुढल्या साली येईन. यंदा आम्ही दोघंच समुद्रावर जातो."

पोळपाटावरचं लाटणं थांबलं. हीरालालनं तिच्याकडे पाहिलं नाही, ताटाकडेही पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

गौतमचंदनं घास ताटात ठेवला. मग चुलीकडे मान वळवून त्यानं बायकोला विचारलं, "हीरालालची बाई काय म्हणली?"

त्यानं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. बसंतीबाईच्या हाती आता सगळं होतं. इतक्या वर्षांत तिनं धाकट्या जावेचे कितीतरी निरोप पुढे पोचवले होते, कधी मऊ करून, कधी अर्धे गिळून. तवा धुरायला लागला होता. तिनं तो आधी खाली उतरवला.

"ती म्हणली," बसंतीबाई म्हणाली, "यात्रेला मी पुढल्या साली येईन. यंदा आम्ही दोघंच समुद्रावर जातो."

एक शब्दही तिनं इकडचा तिकडे केला नाही.

गौतमचंद जेवला. नेहमीपेक्षा सावकाश जेवला. शेवटी, कण वाया जाऊ नये या जैनांच्या रिवाजाप्रमाणे, त्यानं ताटात पाणी घालून ते पिऊन टाकलं आणि उठला. हात धुऊन दाराशी गेल्यावर तो थांबला. पाठ घराकडेच होती.

"घाटात मोटार लागती म्हणं लोकाला," तो म्हणाला. "लिंबं ठिवा जवळ."

कुणाला उद्देशून म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही. हीरालाल उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात घुंघटाआडून आवाज आला.

"जी."

गौतमचंद मान हलवून बाहेर पडला. हीरालाल पुन्हा बसला. हातातला तुकडा त्यानं तोंडात घातला, चावला, आणि एकदम हसू आल्यासारखं झालं म्हणून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग तोही उठून दुकानाकडे गेला. जाताना दारात त्याचा पाय उंबऱ्याला अडखळला.

घरात दोघीच राहिल्या. सायरबाई भिंतीला टेकून खाली बसली. जाऊ बोलेल, ऐकवेल, म्हणून वाट बघत राहिली. बसंतीबाईनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला. एक पोळी लाटली, भाजली, पालथी केली. तिची पाठ सायरबाईकडे होती.

"सायर," ती म्हणाली.

"जी, भाभीजी."

"मळ्यातल्या विहिरीचं पाणी लई गार असतं का गं?"

सायरबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं घुंघट वर केला. बसंतीबाई वळली नव्हती. मान खाली घालून ती तव्यावरच्या पोळीकडे बघत होती, आणि पोळी एका बाजूनं करपत चालली होती.

"सकाळी असतं," सायरबाई म्हणाली. "दुपारी न्हाई एवढं."

बसंतीबाईनं पोळी उतरवली. उरलेल्या कणकेवर ओलं फडकं झाकलं. मग हातातल्या बांगड्या एकेक करून कोपरापर्यंत वर सारल्या आणि चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "चल मंग मळ्यात," ती म्हणाली.