बाबांची दाढी

"मान वर करा, बाबा," थोरला म्हणाला आणि वडिलांनी ती निमूटपणे वर केली. पन्नास वर्षं याच दुकानात भल्याभल्यांना माना वर करायला लावणारा माणूस आज तोंडाला फेस लावून खुर्चीत बसला होता. शेजारी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता धाकटा तिरक्या नजरेने बघत होता.

परीक्षाच होती ती. अपघातात थोरल्याचा डावा हात कोपराखाली गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. नवा, बॅटरीवरचा हात येऊन चार महिने. "बाबांची दाढी नीट झाली तर सोमवारपासून पहिली खुर्ची तुझी, दादा," धाकट्याने सांगून टाकलं होतं. "नाहीतर घरी बस. लोकांच्या गळ्याशी खेळ नको." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

वस्तरा उजव्या हातात. डाव्याने फक्त जबडा धरायचा, कातडी ताणायची. उरलेल्या हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू आवळले की कातडीला टेकलेला सेन्सर ते ओळखायचा आणि मोटर बोटं मिटायची. बाहेरच्या बाजूचे आवळले की बोटं उघडायची. पकड किती घट्ट बसली, हे मात्र हात सांगत नसे. ते डोळ्यांनी बघायचं. घरी सरावात त्याने इतके टोमॅटो चिरडले, की बायको म्हणाली, "बरं झालं, विळी विकून टाकते."

आज सकाळी उकाडा मरणाचा होता. हात चढवण्याआधी त्याने वीस वर्षांच्या सवयीने डबा उचलून त्याच्या खोबणीत भसाभस पावडर मारली. हात बसवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "पावडर नाही, तेल नाही. सेन्सर थेट कातडीला लागला पाहिजे." पण घाम दिसला की पावडर, हे या धंद्यात हाडीमाशी मुरलेलं. त्याला ते आठवलंसुद्धा नाही.

उजवा गाल छान उतरला. पकड बदलायला त्याने बोटं उघडू पाहिली. उघडली नाहीत. जोर लावला, तशा दोन्ही बाजू आवळल्या गेल्या. बाहेरचा सेन्सर पावडरीखाली मुका, आतल्याने तेवढं ऐकलं. बारीक घरघर झाली आणि बोटं जबड्यात आणखी रुतली.

त्याने आरशात पाहिलं. वडिलांचे डोळे पाण्याने भरले होते. वस्तरा नरड्यापासून बोटभर लांब होता आणि म्हातारा हूं की चूं करत नव्हता.

"काय झालं रे दादा?" धाकट्याची कात्री थांबली.

"मीच थांबवलं त्याला," वडील दातांतून म्हणाले. "श्वास घेऊ दे की जरा."

थोरल्याने वस्तरा खाली ठेवला, टॉवेल घ्यायच्या निमित्ताने धाकट्याकडे पाठ केली आणि उजव्या हाताने अंगठा मागे रेटून एकेक बोट सोडवलं. उरलेली दाढी त्याने एका हातानेच कशीबशी उरकली. वडिलांनी टॉवेल स्वतःच गळ्याभोवती घट्ट घेतला.

"झकास! लोण्यासारखा हात आहे," ते धाकट्याला म्हणाले, आणि जबडा न हलवता हसले.

सोमवारी ते दुकानात आले तेव्हा गालांवर खुंट वाढले होते. खालचे काळेनिळे डाग नीट पाहिल्याशिवाय दिसत नव्हते.

"बाबा, दाढी?" धाकट्याने विचारलं.

"राखतोय. या वयात कशाला रोजची कटकट?"

थोरल्याला रडूच यायचं बाकी होतं. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. आज आत पावडर नव्हती, सेन्सर लख्ख पुसलेले. त्याने हात दोनदा उघडून मिटून पाहिला. अगदी हवा तसा चालला.

त्याने तो हनुवटीकडे नेला. आरशात मागच्या बाकावरचे वडील दिसत होते. त्यांचा हात नकळत स्वतःच्या जबड्यावर गेला होता.

थोरल्याने वस्तरा मिटला. "धाकट्या," तो म्हणाला, "यांना तू घे."

तो मागे वळला. वडिलांनी सरकून त्याला जागा करून दिली.