गुण्यात न बसलेला गाभारा

सौदीतल्या जिझानच्या बंदराचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. पेंडल साहेबाने बाळाराम सुताराच्या हाती स्वतः पेन्सिलीने काढलेला नकाशा ठेवला. त्याच्या विलायतेतल्या गावचं चर्च, सहाशे-सातशे वर्षांचं. तिथे जन्मभर घंटा वाजवलेल्या म्हाताऱ्या बापासाठी त्याची हातभर लाकडी प्रतिकृती हवी होती. शुक्रवारी साहेब कायमचा निघणार होता.

सुतारशाळेत, मुकादमाला दिसू नये म्हणून वर गोणपाट टाकून काम चाललं. लांबोडका सभामंडप झाला, त्याला जाडजूड चौकोनी मनोरा. एका अंगाच्या कमानी गोल, जुन्या; दुसऱ्या अंगाच्या टोकदार, मागाहूनच्या. छपराचे वासे बसले तेव्हा स्टोअरकीपर इसहाक आत डोकावून म्हणाला, "हे तर आमच्या जयगडचं पालथं गलबत रे."

नकाशात सभामंडपापुढचा गाभारा मात्र डावीकडे कलला होता. बाळारामने गुण्या लावून पाहिला आणि चार सुतारांसमोर हसला. "राज्य केलं आपल्यावर, पण साधा काटकोन नाय जमला यांना." त्याने नकाशावरची तिरकी रेघ खोडली, सरळ ओढली, नि गाभारा सरळ चिकटवून टाकला.

बुधवारी साहेब आला. सगळीकडून हात फिरवत गाभाऱ्यापाशी थांबला. रागावला नाही, हळूहळू बोलत राहिला. इसहाक मराठीत सांगत गेला.

"म्हणतो, सभामंडप झाला आणि गावात मरी आली. गवंडी गेले. एक म्हातारा उरला, डोळ्यांनी अधू. त्याने गाभारा बांधला तो असा तिरका. पुढे गावात पैसा आला, छप्पर बदललं, काचा बदलल्या. गाभारा कुणी सरळ केला नाय."

"व्हेरी गुड, बाळाराम," साहेब म्हणाला आणि गेला. ते गोड बोलणंच जिव्हारी लागलं.

गेल्या रजेत बाळारामने गावच्या घराच्या दाराची चौकट बदलली होती. बापाच्या, अण्णांच्या हातची शेवटची चौकट, डोळ्यांत मोतीबिंदू असताना घडवलेली, बोटभर तिरकी. आखाती पैशाची सागवानी चौकट बसली, जुनी न्हाणीच्या चुलीत गेली. अण्णा नव्या चौकटीवरून बोटं फिरवत राहिले, काही हरवल्यासारखे. "सरळ झाली हो," म्हणाले. पुन्हा त्यांनी लाकूड तासायच्या वाकसाला हात लावला नाही. आणि आपण तेव्हा शेजाऱ्यांना चौकट दाखवत होतो. बाळारामचे कान तापले.

त्याने पटाशी घातली, सरस फोडून गाभारा सुटा केला. पण कल केवढा होता? रेघ तर त्यानेच खोडलेली. अंदाजाने फळीवर दोनदा ओढली, दोन्हीदा हात सरळच गेला.

मग त्याने डोळे मिटले आणि नकाशाच्या कागदावर बोटं टेकवली.

"झोपलास काय?" इसहाकने विचारलं.

"थांब इसहाकभाय. अण्णा असंच बघायचे."

बोट पुढे सरकलं, मागे आलं. खोडलेल्या रेघेचा बारीक चर लागला. डोळे न उघडता बाळारामने त्यावर पेन्सिल ठेवली.