नवलच्या गाडीहून लांब

असोद्याच्या त्या गल्लीत पिकअप आली ती नवलची, आणि झोप उडाली ती प्रेमराजची.

नवल हा प्रेमराजचा चुलतभाऊ, वर्षाने धाकटा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्याने स्वतःची एक जुनी पिकअप घेतली. केळीची कापणी सुरू झाली की मोठा ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबतो. मळ्यातला माल तिथपर्यंत आणायला अशी लहान गाडी लागते. त्यामुळे पहाटेपासून नवलचा फोन वाजायचा. "नवलभाऊ, आज आमच्याकडे." "नवलभाऊ, उद्या नक्की." प्रेमराज ओट्यावर दात घासत हे ऐकायचा आणि त्याला वाटायचं, या गावात भाऊ म्हणायला दुसरं कोणी उरलंच नाही का?

एवढंही त्याने पचवलं असतं. पण एका सोमवारी त्याची आई वच्छलाबाई डोळे दाखवायला जळगावला निघाली आणि नवलच्या शेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसली. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी आणि चेहरा असा, की जणू विमानातच बसली आहे. प्रेमराजची मोटारसायकल दारात पुसून उभी होती. तिच्याकडे म्हातारीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आपणही पिकअप घेऊ," त्या रात्री जेवताना तो बायकोला, ज्योतीला म्हणाला.

"घेऊ की." मागच्या कापणीत वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणून त्यांचा माल दोन दिवस उन्हात पडला होता, ते ज्योती विसरली नव्हती. गाडीला पैसे व्हावेत म्हणूनच तिने हाताने वाढवलेल्या दोन म्हशी विकल्या होत्या. "पण आपल्याला लागते तशी घेऊ."

"लागते तशीच. फक्त नवलच्या गाडीहून लांब."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवल जेवून आडवा झाला, तेव्हा प्रेमराज हळूच त्याच्या गाडीपाशी गेला. मोजायची टेप घरात सापडली नव्हती. त्याने ठिबकची एक जुनी काळी नळी माल भरायच्या मागच्या हौद्याच्या एका टोकाला धरली, दुसऱ्या टोकापर्यंत ताणली आणि विळ्याने कापली. समोरच्या इंदिराबाई खाटेवरूनच ओरडल्या, "काय रे प्रेमराज, नवलच्या गाडीलेबी पाणी देतो का?"

प्रेमराज नळी गुंडाळून घरात पळाला.

गाडी बघायला धुळ्याला जायचं ठरलं, तशी आई म्हणाली, "नवलले घेऊन जाय बापा. त्याले गाड्यातलं समजतं." प्रेमराजला मिरच्या झोंबल्या. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि ठरल्या दिवशी सकाळी सातला नवल गाडी पुसून दारात हजर. ज्योतीसह तिघंही पुढे दाटीने बसले. एरंडोलला पंक्चरवाल्याने नवलला हात केला. पुढे पेट्रोल पंपावरच्या माणसाने नावाने हाक मारली.

"सगळा हायवेच तुझा पाहुणा दिसतो," प्रेमराज म्हणाला.

"बारा वर्षं झाली भाऊ, याच रस्त्यावर," नवल साधेपणाने म्हणाला. तो साधेपणाच प्रेमराजला जास्त टोचला.

धुळ्यात हायवेला लागूनच सुकदेवचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. सुकदेव म्हणजे गोल पोटाचा, गोड बोलणारा माणूस. "या पाटील, या! फिरून पाहा. एकेक गाडी वाघ शे, वाघ!"

नवलने एक पांढरी पिकअप निवडली. बॉनेट उघडून आधी इंजिनावर हात ठेवला. "थंड आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी चालू करून गरम ठेवलेलं नाही, हे चांगलं." मग गाडी सुरू केली, मागे जाऊन धूर पाहिला, आवारातच दोन चकरा मारल्या, ब्रेक दाबला. उतरून म्हणाला, "भाऊ, ही घे. काही बोलायला जागा नाही."

प्रेमराजने ती नीट पाहिलीही नाही. त्याने पिशवीतून काळी नळी काढली आणि हौद्याला लावून पाहिली. बरोबर तेवढीच. बोटभरही जास्त नाही.

"ही नळी कशाची?" नवलने विचारलं.

"असंच. माप."

"तुमच्या गाडीचं माप आहे, भाऊजी," ज्योती म्हणाली. सकाळपासून ती हे दाबून बसली होती. "त्याहून लांब पाहिजे यांना."

सुकदेव खो खो हसला. नवलही हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"लांब पाहिजे ना? मग इकडे या," म्हणत सुकदेव त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे एक निळी पिकअप उभी होती. ताजा रंग, काचेवर झिरमिळ्या, आणि हौदा नळीहून चांगला दोन विती लांब. प्रेमराजच्या डोळ्यांसमोर गल्ली उभी राहिली. दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत आणि त्याची गाडी दोन विती पुढे आली आहे.

"आपल्या बांधाच्या वळणावर वळणार नाही ही," नवल म्हणाला. "दरवेळी दोनदा मागे-पुढे करावं लागेल."

"वळवणारा मी आहे."

नवलने गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या डाव्या चाकापाशी तो थांबला, उकिडवा बसला, वाकून आत पाहिलं आणि उठला. प्रेमराज वाटच पाहत होता. आता हा काहीतरी खोट काढणार. मोठी गाडी माझ्या दारात आलेली याला बघवणार नाही. बोल, काय बोलायचं ते बोल!

"तुझी पसंती," नवल म्हणाला. "घे." आणि तो सरळ चालत आपल्या गाडीत जाऊन बसला.

जिंकल्यासारखं वाटून प्रेमराजने ज्योतीपुढे हात केला. म्हशी विकून आलेले गाडीचे पैसे तिच्या पिशवीत होते. तिने गाठ सोडायला सुरुवात केली, पण तिचं लक्ष नवलकडे होतं, आणि गाठ काही लवकर सुटेना.

तेवढ्यात नवलच्या गाडीचं दार धाडकन वाजलं. तो तरातरा परत आला.

"भाऊ, खाली झोप."

"काय?"

"गाडीखाली झोप. मी सांगून तुला पटणार नाही. तूच बघ. पुढच्या चाकापासून चासीवर हात फिरवत मागच्या चाकापर्यंत जा. डोळ्यांनी नाही, हाताने."

"अरे, कपडे कशाला खराब करता?" सुकदेव घाईने म्हणाला. ती घाई ऐकूनच प्रेमराज खाली झोपला.

खाली ग्रीसचा वास होता. गाडी जिच्यावर उभी असते त्या चासीच्या लांब लोखंडी तुळईवर तो तळहात फिरवत गेला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग डाव्या चाकाच्या अलीकडे हाताला गाठ लागली. बोटभर जाड, वरून नवा रंग फासलेला. चासी तुटली होती आणि जोडून घेतली होती. याच्यावर केळी भरायची, खड्ड्यातून न्यायची...

प्रेमराज तिथेच पडून राहिला. बाहेर येऊन 'सगळं ठीक आहे' म्हटलं, तर कोणाला कळणार होतं? नवलला कळणार होतं, पण तो जळतो म्हणून बोलतो, असं म्हणता आलं असतं. गाडी घ्यावी, दारात उभी करावी. नाहीतर वर येऊन सांगावं, की नवल खरा. गावात सांगावं, आईला सांगावं, की नवल खरा. म्हणजे पुन्हा नवलच. ती गाठ लोखंडात नाही, आपल्यातच आहे असं त्याला वाटलं.

चाकांच्या मधून त्याला ज्योतीचे पाय दिसत होते. सकाळपासून उभी होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत ती त्याची वाट पाहत होती.

तो सरपटत बाहेर आला. पांढऱ्या शर्टाची पाठ काळी झाली होती.

"चासी जोडलेली आहे," तो म्हणाला. आणि मग, दात काढून घ्यावा तसं त्रासून, "नवल बरोबर सांगत होता."

"ते तर कंपनीचंच शे, पाटील!" सुकदेव म्हणाला. पण ज्योतीने गाठ परत आवळली होती. "ती पांढरी दाखवा," ती म्हणाली.

दुपारपर्यंत कागदांवर सह्या झाल्या. पांढरी पिकअप घेऊन प्रेमराज निघाला, शेजारी ज्योती, पुढे नवलची गाडी. रस्ताभर त्याला तिचा मागचा पत्रा पाहावा लागला. बायको काही बोलली, तरी तो हूं म्हणत होता. खरं सांगितलं तरी आत जळायचं थांबलं नव्हतं.

पारोळ्याच्या पुढे नवलने गाडी बाजूला घेतली. निंबाखालच्या टपरीवर तिघं चहाला उभे राहिले. नवल कपातच बघत होता.

"भाऊ, एक सांगू? टायर एका बाजूने झिजलेला दिसला, तेव्हाच मला कळलं होतं. वाकून जोडही पाहिला."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"ती निळी पाहिली आणि माझ्या पोटात दुखलं." नवलचे कान लाल झाले. "म्हटलं, ही गल्लीत आली, तर माझी गाडी खेळण्यासारखी दिसेल. तू तर माझं मापच घेऊन आला होतास. घेऊ दे याला, महिन्याभरात मोडेल, मग सगळे माझ्याकडेच येतील. असं मनात आलं. गाडीत बसलो होतो ना, ते याच विचारात."

"वा रे भाऊजी!" ज्योती म्हणाली.

"पण मग वहिनी पिशवीची गाठ सोडताना दिसल्या," नवल म्हणाला, "आणि बसवेना."

प्रेमराजने कप खाली ठेवला. रागवायला पाहिजे होतं, पण राग काही येईना. सकाळपासून, नव्हे, त्या सोमवारपासून छातीवर बसलेलं ओझं कोणीतरी एका बाजूने उचलून धरल्यासारखं त्याला वाटलं.

"खरंच दुखलं?" त्याने विचारलं.

"खूप."

"म्हणजे किती?"

"आता काय मोजून देऊ?" नवल चिडला. "खूप म्हणजे खूप!"

प्रेमराजने टपरीवाल्याला हाक मारली. "अजून तीन चहा द्या!" मग तो बाकड्यावर ऐसपैस बसला आणि भावाला शेजारी ओढून म्हणाला, "आता पहिल्यापासून सांग."