बुजवलेली फट

मी एक जुनी थापी आहे. गवंड्याची, पोलादी पात्याची. मित्रांनो, माझ्या टोकाला एक खाच आहे. ती कशी पडली, हे सांगायचा मला धीर होत नव्हता. आज सांगूनच टाकते.

लोहाराच्या भट्टीतून निघाले ती थेट एका गवंड्याच्या हाती पडले. वीस वर्षं आम्ही भिंती सजवल्या. "याच्या गिलाव्यात मुंगीलाही शिरायला जागा नाही," असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. रोज काम संपलं की गवंडी मला धुऊन, तेलाचं बोट फिरवून ठेवी.

एकदा वाचनालयातून बोलावणं आलं. छपराखाली भिंतीला फट होती आणि तिच्यात वटवाघळं राहत. ग्रंथपालबाई डोक्याला रुमाल घट्ट बांधूनच बसल्या होत्या.

"केसांत अडकली की केस कापूनच काढावी लागतात म्हणे. त्यात आंधळी! आणि रक्त पितात ते वेगळंच."

"आंधळी कुठली, बाई?" झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं झाडतेय मी इथे. डास नि किडे खातात बिचारी. रक्त पीत असती तर मी उरले असते का? पण आत्ता पिलं असतील. महिनाभर थांबा."

गवंडी हसला. "मावशी, मी काय कसाई आहे? संध्याकाळी सगळी बाहेर पडली की मगच बुजवतो. आत एकही राहायचं नाही."

त्याच्या मनात खोट नव्हती. पण वटवाघळाची आई पिलाला घरी ठेवून पोट भरायला जाते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिन्हीसांजेला ती भुर्रकन बाहेर पडली. माझ्यावर सिमेंट-वाळूचा माल चढला. शेवटचा हात फिरवताना भिंतीआडून बारीकशी थरथर माझ्या पात्याला जाणवली. हो, जाणवली होती! मला तोंड नाही, अशी सबब मी मनाला देते. पण खरं सांगू? त्या वेळी मी माझ्या गुळगुळीत गिलाव्यावरच खूश होते.

सकाळी मावशी गवंड्याला घरून घेऊन आल्या. ओल्या गिलाव्यात नखं रोवून वटवाघळं लटकली होती. गवंड्याने शिडीवर चढून भिंतीला कान लावला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मावशी, आत पिलं आहेत हो."

छिन्नी शोधायलाही तो थांबला नाही. माझंच टोक त्याने भिंतीत खुपसलं. खाच पडली ती तेव्हा. त्याची बोटं सोलवटून रक्त आलं. वटवाघळांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ग्रंथपालबाईही धावत आल्या होत्या; गडबडीत त्यांचा रुमाल सुटला होता. त्यांच्या कानाजवळून एकेक आई फटीकडे झेपावली, पण एकीचाही पंख केसांना लागला नाही. बाई तिथेच रडू लागल्या.

सात पिलं हलत होती. चार हलत नव्हती. त्यांच्या आया दुपारपर्यंत फटीच्या तोंडाशी घुटमळत राहिल्या.

आता मी खिळ्यावर असते. नवी थापी हातात घेतली की गवंडी आधी विचारतो, "इथे कोण राहतं?"

मित्रांनो, ऐकीव गोष्टींवर कुणाचं दार बंद करू नका. आधी भिंतीला कान लावा. माझं तर सगळं अंगच भिंतीला लागलेलं होतं, तरी मी थांबले नाही.